साहेबांचा माणूस

‘निष्ठावंत’ असं कुणी मला म्हटलं की मी आधी खिसा चाचपतो. काहीतरी गेलेलं असतं. ओव्हरटाइमचे दोन तास, सुटीचा रविवार, नाहीतर लिहिलेल्या कागदावरचं नाव.

दोस्तहो, एकदा नीट बघा हा शब्द कुणाकुणाला लावतात ते. मालकाला कधी लावलेला ऐकलाय? मालक दिलदार असतो, दूरदृष्टीचा असतो, शून्यातून वर आलेला असतो. निष्ठावंत असतो तो त्याचा ड्रायव्हर. त्याचा पी.ए. त्याची स्वयंपाकीण. आणि त्याचा कुत्रा. एवढ्या चौघांतच हा शब्द फिरतो आणि चौघांनाही तो पगाराच्या जागी मिळतो.

आमच्या तारापूर एमआयडीसीत या शब्दाचं दुसरं नाव आहे : ‘आपला माणूस’. ठेकेदार खांद्यावर हात टाकून म्हणतो, अरे तू आपला माणूस, तुला कायम व्हायची काय घाई? सहा वर्षं ‘आपला माणूस’ असलेला एक जण माझ्या लूमच्या बाजूच्या लूमवर आहे. दर काही महिन्यांनी त्याचा गेटपास बदलतो, ठेकेदाराचं नाव बदलतं. लूम तोच, माणूस तोच. आपला.

आता एका जपानी माणसाची गोष्ट सांगतो. म्हणाल, बोईसरच्या खोलीत बसून जपान्याची गोष्ट कशाला? कारण आपली गोष्ट सांगायला गेलं की लोक जात बघतात आणि कान बंद करतात. त्याची ऐका आधी.

चार्ली चॅप्लिन तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. टोपी, मिशी, काठी, फाटके बूट. मूकपटाचा तो राजा होता, आणि राजा झाला तो गरिबाचं सोंग घेऊन. १९१६ साली म्युच्युअल कंपनीने त्याच्याशी करार केला वर्षाला ६,७०,००० डॉलरचा. फाटक्या बुटातल्या माणसाला जगात तेव्हा क्वचित कुणाला मिळत असेल एवढा पैसा. मी त्याच्यावर जळत नाही. तो लंडनच्या झोपडपट्टीत उपाशी वाढला, अनाथांच्या शाळेत राहिला, आई वेड्यांच्या इस्पितळात गेली. भूक त्याने बघितली होती, म्हणून पडद्यावरची त्याची भूक खोटी वाटत नाही.

त्याच १९१६ साली त्याच्याकडे एक जपानी तरुण गाडी चालवायला लागला. तोराइची कोनो. हिरोशिमाकडचा. खरं तर त्याला विमान चालवायचं होतं. बायकोला ते मान्य नव्हतं. आकाश राहिलं आणि गाडीचं चाक हातात आलं. त्या चाकावरून तो हळूहळू साहेबाच्या सगळ्या घरावर आला. कपडे काढून ठेवणं, भेटीच्या वेळा, पत्रं, नोकरांवर देखरेख, दारावर कोण आलंय, कुणाला आत सोडायचं, कुणाला ‘साहेब घरी नाहीत’ म्हणून परत लावायचं. ड्रायव्हर, हुजऱ्या, चिटणीस, अंगरक्षक, सगळं एकाच अंगात. १९२६ च्या सुमारास चॅप्लिनच्या घरचे बहुतेक सगळे नोकर जपानी होते आणि त्यांच्यावर कोनो. १९२७ साली चॅप्लिनच्या घटस्फोटाचे धिंडवडे वर्तमानपत्रांतून निघाले. साहेबाच्या घरातली गुपितं जाणणाऱ्यांत कोनो पहिला होता. तोंड उघडलं नाही.

मूकपटातला खरा मूक कोण होता ते सांगायला नको.

पडद्यावरही आला तो. १९१७ च्या ‘द ॲडव्हेंचरर’मध्ये. कोण म्हणून? ड्रायव्हर म्हणून. घरात ड्रायव्हर, पडद्यावरही ड्रायव्हर. आपल्या सिनेमात आपला माणूस कोण म्हणून येतो ते आठवा, म्हणजे मला पुढे लिहावं लागणार नाही.

इथे कुणी शहाणा म्हणेल, त्याला कुणी बांधून ठेवलं होतं? नको होतं तर सोडायचं. प्रेमाने राहिला असेल. असेल ना! मी प्रेमाला नाही म्हणत नाही. पण प्रेमाच्या भोवती कुंपण कुठलं होतं ते बघू या. कॅलिफोर्नियात १९१३ साली कायदा झाला की ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांनी शेतजमीन विकत घ्यायची नाही. कायद्यात ‘जपानी’ हा शब्दसुद्धा लिहायची गरज पडली नाही, कारण नागरिक कुणाला होता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. १९२२ साली ताकाओ ओझावा नावाचा जपानी माणूस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. वीस वर्षांपासून इथे राहतो, इंग्रजी बोलतो, मुलं इथल्या शाळेत आहेत, मला नागरिक करा म्हणाला. कोर्टाने सांगितलं, तू गोरा नाहीस. संपलं. ही दारं उघडली ती १९५२ साली.

म्हणजे कोनो चॅप्लिनकडे होता त्या सगळ्या अठरा वर्षांत त्याला त्या देशात नागरिक होता येत नव्हतं. जमीन नाही. मत नाही. मग माणसाकडे उरतं काय? साहेब उरतो. साहेबाच्या गाडीत बसला की पोलीस सलाम करतो. साहेबाचं नाव सांगितलं की हॉटेलात खोली मिळते. सगळी दारं बंद करायची, एकच उघडं ठेवायचं, आणि त्या दारातून माणूस आत आला की म्हणायचं : काय इमानी आहे बघा!

हे आपल्याला नवं आहे का? आपल्या आज्या-पणज्याला येसकर म्हणून वेशीवर उभं केलं. खजिना पोचव, टपाल पोचव, मेलेलं ढोर ओढ, सरकारी साहेबाच्या घोड्यापुढे पळ. जागता पहारा त्याचा, पण वाड्यात पाऊल नाही. १८७४ च्या वतन कायद्याने त्याच्या गळ्यात ते कायमचं बांधलं. थोडी जमीन, थोडं बलुतं आणि त्यापायी चोवीस तासांची चाकरी. वर प्रशस्ती : महार इमानी जात! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या दुरुस्तीचं बिल आणलं तेव्हा ते नेमके या इमानाच्या बुडाशीच सुरुंग लावत होते. तुमचा पगार ठरवा, तास ठरवा, नाहीतर जमीन मोकळी करा. ते बिल पुरं झालं नाही. वतनं कायद्याने गेली ती १९५८ साली, बाबासाहेब गेल्यावर. कायद्याने गेली म्हणतो मी. मनातून कुणाच्या गेली ते विचारू नका.

परत कोनोकडे.

१९३१ साली चॅप्लिन जगाच्या दौऱ्यावर निघाला, कोनो बरोबर. २२ सप्टेंबर १९३१ ला लंडनच्या पूर्वेकडच्या कामगारवस्तीत चॅप्लिन आणि गांधी भेटले. यंत्रावर बोलले. बाहेर गर्दी, फोटो, जयजयकार. त्याच लंडनात त्याच दिवसांत दुसरी गोलमेज परिषद चालू होती आणि तिथे एक माणूस गांधींच्या समोर बसून सांगत होता की अस्पृश्यांच्या वतीने बोलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला. त्याला भेटायला कुठला नट गेला नाही. मला हे नेहमी खुपतं. चॅप्लिनला गरिबी कळत होती. पण गरिबाच्या खालीही एक मजला असतो, तो त्याला कुणी दाखवला नाही. दाखवणारा त्याच्या गाडीतच बसलेला होता, म्हणा.

मे १९३२ मध्ये ते जपानला पोचले. कोनो आपल्या मुलखात आला, पण आला साहेबाचा माणूस म्हणून. राजवाड्यासमोर त्याने चॅप्लिनला गाडीतून उतरून वाकायला लावलं. चॅप्लिनने आपल्या आत्मचरित्रात हे नवलाने लिहिलंय, कोनो विचित्र वागत होता असं. दुसऱ्या दिवशी, १५ मे १९३२ ला, लष्करातल्या माथेफिरू तरुणांनी पंतप्रधान इनुकाई यांना गोळ्या घातल्या. चॅप्लिनला मारायचाही बेत त्या टोळक्यात शिजला होता. पंतप्रधानाच्या मुलाबरोबर तो कुस्त्या बघायला गेलेला, म्हणून वाचला असं सांगतात. साहेबाला विचित्र वाटलेल्या त्या वागण्यात कोनोला कशाची धास्ती होती, हे साहेबाने पुढे कधी नीट विचारलं का? आत्मचरित्र १९६४ साली निघालं, चांगलं जाडजूड. अठरा वर्षं सावलीसारखा राहिलेला माणूस त्यात येतो सावलीएवढाच. गाडी, बॅगा, जपानचा प्रवास. बाकी हवा.

१९३४ साली संपलं. घरात पॉलेट गोदार्द आली होती, खर्चाचा हिशेब कुणाच्या हातात यावरून वाजलं. कोनो बाहेर. चॅप्लिनने आपल्याच चित्रकंपनीच्या जपानच्या कामात त्याची सोय लावून दिली, कोनो तिथे रमला नाही, अमेरिकेत परतला. अठरा वर्षं घर सांभाळलेल्या माणसाला घर किती दिवसांत विसरतं? आमच्या खात्यातला जॉबर निवृत्त झाला तेव्हा भिंतीवरचं घड्याळ दिलं. मला तर वाटतं घड्याळ देतात ते बरोबरच देतात. तुझा वेळ आम्ही घेतला, हे घे परत.

आणि दोन वर्षांनी, १९३६ साली, ‘मॉडर्न टाइम्स’ आला. मी तो रातपाळीवरून येऊन मोबाईलवर पाहिला. तो पट्टा, ते बोल्ट आवळणं, सुटी झाली तरी हात आवळतच राहतात. अरे, हे तर आमचंच! तुटलेला धागा जोडून जोडून माझी बोटं झोपेतही गाठ मारतात, बायको हसते. जगातल्या कामगाराच्या अंगातला रोग त्या माणसाने ओळखला, कबूल. त्याला मी सलाम करतो. पण पट्ट्यावरचा कामगार दिसला आणि स्वतःचे बूट मांडून ठेवणारा दिसला नाही. हेच मला सांगायचं आहे. मी वाईट मालकाची गोष्ट सांगतच नाहीये. वाईट मालकाविरुद्ध युनियन होते. चांगल्या मालकाचं काय करायचं?

पुढचं ऐका. जून १९४१ मध्ये कोनोला एफबीआयने पकडलं, जपानी नौदलाच्या एका अधिकाऱ्यासाठी हेरगिरी करतो म्हणून. खटला उभा राहिला नाही. अधिकारी आपल्या देशी परत गेला. डिसेंबरात पर्ल हार्बर झालं आणि कोनो पुन्हा आत. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने हुकूम क्रमांक ९०६६ वर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे लोक, त्यातले बहुसंख्य तिथेच जन्मलेले नागरिक, घरंदारं सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत गेले. तिथल्या लोकांपुढे एक छापील कागद ठेवला होता, निष्ठेची प्रश्नावली. तू या देशाशी निष्ठावंत आहेस का? हो की नाही? म्हणजे बघा, जमीन दिली नाही, म्हाताऱ्यांना नागरिक होऊ दिलं नाही, तारेच्या आत कोंडलं, आणि आता विचारतात, निष्ठा आहे का! मालकाच्या डिक्शनरीत हा शब्द किती स्वस्त आहे ते यापेक्षा उघड कधी दिसलेलं नाही.

कोनो युद्ध संपल्यावरही काही काळ अडकूनच होता. शेवटी हिरोशिमाला गेला. ६ ऑगस्ट १९४५ नंतरचं हिरोशिमा. तिथे १९७१ साली मेला. अमेरिकेच्या सरकारने माफी मागितली १९८८ साली, कायदा करून, जिवंत राहिलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. जिवंत राहिलेल्याला.

आता आपल्या घरात या.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. फाळके मोठा माणूस, वाद नाही. पण त्याच्या मागे सरस्वतीबाई होती. दागिने गेले तिचे. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रोज ती करायची, कपडे धुवायची, उन्हात पांढरी चादर धरून उभी राहायची म्हणजे नटांच्या तोंडावर उजेड पडेल, आणि रात्री सगळे झोपल्यावर कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडत बसायची. भोकं नसतील तर फिल्म यंत्रातून सरकतच नाही. सिनेमाच्या इतिहासात तिला काय म्हणतात माहीत आहे? ‘खंबीर साथ’. तंत्रज्ञ म्हणायला जीभ रेटत नाही.

आणि तारामती? फाळक्यांना बाई मिळेना. नाचणाऱ्या, धंदा करणाऱ्या बायकाही कॅमेऱ्यासमोर यायला तयार होईनात. मग ग्रँट रोडच्या एका हॉटेलातला स्वयंपाकी मिळाला, अण्णा साळुंके. नाजूक हातांचा. तिथे महिना १० रुपये मिळायचे, फाळक्यांनी १५ देऊ केले असं सांगतात. तो तारामती झाला. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर रामही तोच, सीताही तोच. बायकांनी लुगड्यातला नट बघून हात जोडले. पुढे हाच माणूस कॅमेरा शिकला, कॅमेरामन झाला. बोलपट आले १९३१ साली, आणि साळुंके इतिहासातून चालते झाले. कुठे राहिले, कसे गेले, चार ओळी धड सापडत नाहीत. देशातली पहिली नायिका भटारखान्यातून आली ही गोष्ट सगळे गंमत म्हणून सांगतात. हसतात. मला त्यात गंमत कमी दिसते. पाच रुपये जास्त मिळाले म्हणून माणसाने मिशी उतरवून साडी नेसली, आणि वर कॅमेरा शिकून घेतला. हा हुशारीचा पोवाडा आहे, विनोद कसला?

आणि खरी बाई पडद्यावर आली तेव्हा? केरळात १९३० च्या आसपास ‘विगतकुमारन’ नावाच्या मूकपटात पी. के. रोझी या दलित बाईने नायर बाईचं काम केलं. वरच्या जातीच्या प्रेक्षकांनी पडद्यावर दगड मारले, तिला मुलूख सोडून पळावं लागलं. पडद्यामागे राहिलीस तर निष्ठावंत, पडद्यावर आलीस तर दगड.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावत आला असाल. आता जरा टोचणार आहे.

आपल्या चळवळीत कोनो किती आहेत? मोजा. पालघर स्टेशनापासून सुरू करा. साहेबांची बॅग धरणारा, साहेबांचं भाषण रात्री जागून लिहिणारा, मोर्चाला टेंपो भरून आणणारा, १४ एप्रिलला भर उन्हात मंडपाच्या बल्ल्या रोवणारा. त्यांची ओळख काय? ‘हा आपला निष्ठावंत कार्यकर्ता.’ नाव? ते स्टेजवर घेतात ते पाहुण्यांचं. मी स्वतः पत्रकं लिहिलीत, खाली नाव आलं ‘आपला विनीत’ आणि पुढे साहेब. प्रश्न विचारला तर म्हणतात, बाबासाहेबांच्या चळवळीत व्यक्ती मोठी नसते रे. मग फ्लेक्सवर बारा फुटी तोंड कुणाचं आहे?

शिस्त पाहिजे, नाहीतर चळवळ फुटते, हेही ऐकवतात. शिस्त पाहिजेच. आम्ही गिरणीतली माणसं, शिस्त आम्हाला शिकवू नका. भोंग्यावर जेवतो आम्ही. पण शिस्त कामाची असते, माणसाची नसते. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी बजावून ठेवलं होतं की धर्मात भक्ती चालेल, राजकारणात भक्तीने हुकूमशाही येते, कुणा मोठ्या माणसाच्या पायावर आपलं स्वातंत्र्य वाहू नका. हे ज्यांच्या तोंडपाठ आहे तेच खुर्ची सरकवायला आधी धावतात.

नानकचंद रत्तूंचं नाव किती जणांना माहीत आहे? हात वर करू नका, मला दिसत नाही. पंजाबातल्या होशियारपूरकडचा माणूस. दिवसा दिल्लीत सरकारी नोकरी, संध्याकाळी बाबासाहेबांच्या घरी टंकलेखन. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची पानं त्याच्या बोटांखालून गेली. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री २६, अलिपूर रोडवर उशिरापर्यंत तो होता. सकाळी बातमी त्याच्याकडे आली. त्याला आपण निष्ठावंत म्हणतो आणि गप्प बसतो. पण बघा, त्याच्यात आणि कोनोत मला एक फरक दिसतो आणि तो मला फार मोठा वाटतो. कोनोजवळ साहेब होता. रत्तूंजवळ काम होतं, साहेबांइतकंच त्यांचंही असलेलं काम. आणि रत्तू गप्प बसले नाहीत. १९९० नंतर, म्हातारपणी, त्यांनी पुस्तकं लिहिली, बाबासाहेबांच्या शेवटच्या वर्षांची. दुखणं, एकटेपणा, कुठल्या काळजीने माणूस रडला ते सगळं. टंकणारा लिहिणारा झाला. आज शेवटच्या दिवसांवर बोलणारे मोठमोठे प्राध्यापक त्यांच्या पानांवर उभे आहेत.

तर माझं मागणं साधं आहे, रागावू नका. बोईसरात पुढच्या जयंतीला मंडप कुणी बांधला, जेवण कुणी रांधलं, पाण्याचा टँकर कुणी आणला, घोषणा कुणी लिहिल्या, यांची नावं पत्रकावर छापायची. पाहुण्यांच्या टायपातच, बारीक नाही. जेवण रांधणाऱ्या बायांची पूर्ण नावं, ‘महिला मंडळ’ असं गाठोडं बांधून नाही. टेंपोवाल्याचं नाव, आणि त्याला भाडं दिलं की ‘आपला माणूस’ म्हणून बुडवलं तेही. हिशेब चहाच्या टपरीवर लावायचा, सगळ्यांना वाचता येईल असा. साहेबांना चालत नसेल तर साहेबांनी स्वतःची बॅग स्वतः धरावी, जड नसते ती, मी धरून बघितलीय.

पत्रक मी लिहून देतो. या आठवड्यात दुसरी पाळी आहे, म्हणजे सकाळी घरी असतो, दुपारच्या आत या. आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव टाका.